मुंडाशाची कुळकथा

माणूस चेहऱ्यावरून ओळखावा असे आपण आज मानतो. माझ्या आजोबांच्या पिढीला चेहरा दिसेपर्यंत थांबण्याचे कारण पडत नसे. कागलच्या शिवारात, दूधगंगेच्या अंगाने कोणी येताना दिसला की ती मंडळी बांधावर बसूनच सांगत, हा निपाणीकडचा, हा घाटाखालचा, हा आपल्यातलाच, पण आज कुठेतरी सोयरीक जमवून येतो आहे. सगळी माहिती डोक्यावर बांधलेली असे. रुमाल चौकोनी आहे की पटका लांब, वेढे आडवे आहेत की तिरपे, शेव मागे सोडला आहे की आत खोचला आहे, एवढ्यावरून गाव, जात, धंदा आणि त्या दिवसाचे प्रयोजनही कळे. आणि एखादा पोरगा उघड्या डोक्याने बाहेर निघाला तर म्हातारे हटकत, "आरं, बोडक्या डोसक्यानं कुठं निघालास? कोन गेलं काय घरात?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. उघडे डोके ही सुतकाची खूण होती. डोक्यावरच्या कापडाला एवढे वजन आले कुठून, याचा शोध घ्यावा असे फार दिवस मनात होते. शोध म्हटले तरी त्यासाठी मोठ्या दफ्तरखान्यात जायचे नव्हते. आपण रोज बोलतो ते शब्दच पुष्कळ सांगतात, फक्त त्यांना थांबवून विचारायला हवे.

'पटका' आणि 'फेटा' हे दोनच शब्द घ्या. आज कोल्हापुरी माणसाच्या तोंडी या दोन्ही वस्तू डोक्याच्या. परंतु मोगली चित्रांतले सरदार पाहिलेत तर पटका त्यांच्या कमरेला दिसेल. अंगरख्यावरून आवळलेला, पुढे दोन जरीचे पदर सोडलेला तो लांब पट्टा, त्याचे नाव पटका. हिंदीतला 'फेंटा' हाही मुळात कमरेला कसायचा. लढाईला किंवा कामाला निघालेला माणूस 'फेंट' कसतो, म्हणजे कंबर बांधतो. तेव्हा आपण ज्यांना डोक्याचा मान समजतो ते दोन्ही शब्द कमरेचे आहेत. सह्याद्रीच्या बाजूला ते वर चढले. का चढले, याचे माझ्यापुरते उत्तर असे की इथला शिपाई आणि इथला कुणबी हा एकच माणूस होता. चार महिने नांगर, आठ महिने स्वारी. त्याच्याजवळ लांब कापड एकच असे. नांगर धरताना ते कमरेला, उन्हात निघताना ते डोक्याला. दरबारातल्या माणसाला दोन जागी दोन वस्त्रे परवडत होती, याला नव्हती.

'मुंडासे' मात्र अस्सल डोक्याचेच. मुंड म्हणजे डोके, हे सांगायला व्युत्पत्तिकार नको. 'शेमला' अरबीतून फारसीमार्गे आला. 'रुमाल' हा शुद्ध फारसी, अर्थ तोंड पुसायचे कापड. आमच्या सरहद्दीपलीकडे कानडी मुलखात शेतकऱ्याच्या पागोट्यालाच रुमाल म्हणतात, आणि तो बारा हात लांब असला तरी तोंड पुसायचेच त्याचे नाव टिकले. सर्वांत गमतीची वाट 'मंदिल' या शब्दाची. जरीच्या मानाच्या पागोट्याला आपण मंदिल म्हणतो. हा शब्द अरबांनी आणला, आणि अरबांनी तो लॅटिन भाषेतून उचलला. तिथे त्याचा अर्थ हात पुसायचा किंवा मेजावर पसरायचा कपडा. रोमच्या पंगतीतले हातपुसणे फिरत फिरत दख्खनेत आले आणि सरदारांच्या मस्तकी जाऊन बसले! कुळी शोधू नये म्हणतात ते अशासाठी.

शब्द बाहेरून आले म्हणून वस्तूही बाहेरून आली, असे मात्र समजू नये. अथर्ववेदात व्रात्याचे जे वर्णन आहे त्यात त्याच्या उष्णीषाचा, म्हणजे शिरोवेष्टनाचा, उल्लेख आहे. भारहूत आणि सांचीच्या दगडांत कोरलेली माणसे भली मोठी पागोटी बांधून उभी आहेत. एवढ्या दूर कशाला, लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात चैत्याच्या दाराशी जी स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत त्यांतल्या पुरुषांची डोकी पाहावीत. वेढ्यांवर वेढे, आणि पुढे किंवा बाजूला एक मोठी गाठ. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे शिल्पकार कापडाची घडी दगडात इतकी नेमकी दाखवतात की त्यांच्या घरी रोज सकाळी हा उद्योग चालत असला पाहिजे. मला त्या जोडप्यांकडे पाहताना नेहमी वाटते की बाईच्या चेहऱ्यावर जो किंचित कंटाळा आहे, तो नवऱ्याचे पागोटे बांधून होईपर्यंत ताटकळल्याचा असावा.

वस्तू इथली, नावे चोहीकडची. आणि उपयोग? तो ऐकाल तर पागोटे ही शोभेची वस्तू होती यावर विश्वास बसणार नाही. उन्हापासून रक्षण हे तर झालेच. तलवारीचा किंवा लाठीचा घाव आठ-दहा पदरी कापडावर बराचसा मरतो. वाटेत विहीर लागली आणि पोहरा नसला तर तांब्याला पटक्याचे टोक बांधून पाणी काढता येते. जखम झाली तर पट्टी, ओझे उचलायचे तर चुंबळ, झोपायचे तर उशी, भाजी मिळाली तर गाठोडे. माझे आजोबा पटक्याच्या वेढ्यात चंची, आगकाडीची पेटी आणि सरकारी कागद ठेवत. तलाठ्यापुढे उभे राहिले की डोक्याला हात घालत, आणि तलाठ्याला वाटे, म्हातारा रामराम करतो आहे.

आता पगडीकडे वळू. पागोटे आणि पगडी यांत पुष्कळजण घोटाळा करतात. पागोटे रोज बांधायचे असते, पगडी एकदाच बांधून ठेवायची आणि टोपीसारखी डोक्यावर चढवायची. पेशवाईत शहरी कारकून, सावकार, शास्त्री अशी बैठ्या कामाची माणसे वाढली. त्यांना विहिरीतून पाणी काढायचे नव्हते की वार झेलायचे नव्हते. त्यांनी पागोट्याला साच्यावर बसवून कायमचे करून टाकले. त्यातून बांधणाऱ्यांचा, म्हणजे पगडबंदांचा, स्वतंत्र धंदा उभा राहिला. घरोघरच्या, दरबारोदरबारच्या तऱ्हा निघाल्या. पुण्याची पगडी लोकमान्यांच्या डोक्यावर सर्वांनी चित्रात पाहिलेली आहे. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, म्हणजे नागपूरच्या संत्र्यासारखी तीही आता कायद्याने पुण्याची झाली. होळकरांची पगडी निराळी, गायकवाडांची निराळी, आणि शिंदेशाही पगडी तर अजून दसऱ्याला ग्वाल्हेरच्या घराण्यात डोक्यावर चढते.

शिंदेशाहीचे नाव निघाले म्हणून सांगतो, त्या पगडीशी आमच्या कागलचे सोयरेपण आहे. कागलकर घाटग्यांपैकी सखाराम घाटगे ऊर्फ सर्जेराव यांची मुलगी बायजाबाई १७८४ साली कागलात जन्मली आणि १७९८ साली दौलतराव शिंद्यांना दिली गेली. लग्न पुण्यात मोठ्या थाटाने झाले. त्यानंतर सासऱ्याने जावयाच्या रिकाम्या तिजोरीसाठी पुणेकरांकडून जो पैसा उकळला, त्यामुळे सर्जेरावाचे नाव पुण्यात अजून कोणी प्रेमाने घेत नाही. बायजाबाई मात्र तेजस्वी निघाली. १८२७ साली दौलतराव वारल्यावर १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचे राज्य चालवले. शिंदेशाही पगडीखालच्या सगळ्या मुत्सद्द्यांना कागलच्या या लेकीपुढे ती पगडी लववावी लागली, एवढे आम्ही कागलकर अभिमानाने सांगतो. सर्जेरावाचे पुढचे बोलत नाही.

मानाची भाषाच मुळी डोक्याची. बक्षिसाला आपण 'शिरपाव' म्हणतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. 'शिरपेच' म्हणजे डोक्याभोवतीचा वेढा. गावकीत शेला-पागोटे देऊन सत्कार होई, आणि त्याच शब्दावरून शिमग्यात एकमेकांना दिलेल्या चावट पदव्यांना 'शेलापागोटी' म्हणू लागले. मानाचे वस्त्र आणि त्याची टिंगल एकाच नावाने चालावी, हे मराठी स्वभावाला धरूनच झाले. हरलेला माणूस पागोटे पायावर ठेवी. फसवणारा टोपी घाली. मुंबईत खोली भाड्याने घ्यायची तर भाड्याखेरीज द्यावी लागणारी रक्कम तीही 'पगडी'च! आणि बाप वारला की बाराव्या-तेराव्याला भाऊबंद व सोयरे जमून थोरल्या मुलाला पागोटे बांधत. त्या दिवसापासून घराचा कर्ता तो. मी असे पागोटे बांधताना पाहिले आहे. काल रात्रीपर्यंत विटीदांडू खेळणारा सोळा वर्षांचा पोर तो वेढा बसताच मान ताठ करून बसला, आणि मग एकदम रडू लागला. घर वडिलांचे होते तोवर त्याला रडायला सवड होती, असे एक म्हातारी शेजारी बसून म्हणाली.

परंतु ज्या वस्त्राने मान मिळतो त्याच वस्त्राने तो नाकारताही येतो. १८८६ साली इंग्रज सरकारने कोल्हापूर संस्थानचे गॅझेटिअर छापले, त्यात जातीजातींची वर्णने आहेत आणि प्रत्येकाच्या पोशाखात डोक्यावर काय, हे आवर्जून सांगितलेले आहे. इंग्रजाने ते कुतूहलाने लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या दृष्टीने तो कुतूहलाचा प्रश्न नव्हता. अमक्याने जरीचे बांधू नये, तमक्याच्या वरातीत नवऱ्याने तुरा मिरवू नये, अशा आडकाठ्या गावोगाव होत्या. त्या लिहिलेल्या नसत, पण मोडल्या तर काठ्या निघत.

म्हणून माणगावची हकीकत सांगितल्यावाचून कागलच्या माणसाने फेट्यावर लिहूच नये. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात आहे, पण तेव्हा ते कागल जहागिरीतले गाव होते. १९२० सालच्या मार्चच्या २१ आणि २२ तारखांना तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर, आणि परिषदेला स्वतः शाहू छत्रपती आले. हे शाहू महाराज म्हणजे कागलकर घाटग्यांचेच यशवंतराव. १८७४ साली जन्मले, १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, १८९४ साली त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. भर परिषदेत त्यांनी लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. आणि महाराजांनी आंबेडकरांना जरीपटका बांधून गौरविले, अशी आठवण कोल्हापुराकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. छत्रपतींच्या हातून जरीचे वस्त्र, आणि तेही अशा माणसाच्या मस्तकावर ज्याच्या जातीला गावकीत असे वस्त्र वापरण्याची मुभा नव्हती. त्या एका वेढ्याने किती जणांच्या पोटात गोळा उठला असेल याची कल्पना करावी.

पुढे आंबेडकरांनी हॅट स्वीकारली, आणि त्यातही मला एक अर्थ दिसतो. हॅटला जात नव्हती. आपल्या लोकांना गोऱ्यांची पहिली ओळख हॅटनेच पटली होती. कोल्हापूरच्या गादीचे हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्रात इंग्रज, फिरंगी, वलंदेज या सर्वांना मिळून एकच शब्द वापरला, 'टोपीकर'. धर्म, देश, भाषा सर्व बाजूला. टोपी घालतात, एवढी खूण पुरेशी! ज्या समाजात वेढ्यावरून जात कळत होती, तिथे एकही वेढा नसलेली वस्तू डोक्यावर घेणे हा साधा शौक नव्हता.

राज्यकर्त्यांनाही डोक्यावरच्या कापडाचे हे बळ पक्के ठाऊक असते, आणि ते केवळ आपल्याकडेच नव्हे. इंग्लंडात १५७१ साली कायदा झाला की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी व सणावारी देशी लोकरीची टोपीच घातली पाहिजे. हेतू लोकरीचा धंदा तरावा हा. सरदार-दरकदारांना त्यातून सूट होती, त्यामुळे लोकरी टोपी आपोआप गरिबाची खूण झाली. १५९७ साली कायदा गेला, टोपी राहिली. त्याच जातीची चपटी टोपी पुढे आयरिश शेतकऱ्याच्या डोक्यावर अशी बसली की आज ती आयर्लंडची पुरातन वस्तू म्हणून विकली जाते. त्याच आयर्लंडात १५३७ साली इंग्रजांनी कपाळावर झुलणारे केस ठेवण्याची तिथली चाल बंद करण्याचा कायदा केला होता. म्हणजे आयरिश माणसाचे स्वतःचे होते ते गुन्हा ठरले आणि शेजाऱ्याचे आले ते परंपरा ठरले. तुर्कस्तानात सुलतान दुसऱ्या महमुदाने १८२९ साली अंमलदारांची पागोटी उतरवून लाल फेज टोपी चढवली, आणि १९२५ साली केमालने कायदा करून तीही उतरवली. शंभर वर्षांच्या आत जी आधुनिक म्हणून आली ती मागासलेली म्हणून गेली.

आपल्याकडे कायद्याने नव्हे, गांधीजींमुळे पागोटे गेले. १९१५ साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींची चित्रे पाहिली तर डोक्यावर भला मोठा काठेवाडी फेटा आहे. पांढऱ्या टोपीची कल्पना त्यांना कशी सुचली, हे काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवले आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या टोप्या त्यांनी न्याहाळल्या, काश्मिरी टोपीचा आकार पसंत केला, आणि रंग पांढरा ठेवला, कारण मळ दिसला की माणूस धुतो. एका पागोट्याच्या कापडात अशा टोप्या कितीतरी होतात, हा हिशेब खेड्यातल्या बाईलाही कळण्यासारखा होता. आमच्या भागात पागोटे एका दिवसात गेले नाही. आजोबांच्या डोक्यावर शेवटपर्यंत पटका, चुलत्यांच्या डोक्यावर टोपी, आणि वडील घरात टोपी व कोल्हापूरला जाताना बोडके, असा आमच्या एका सोप्यात तीन पिढ्यांचा इतिहास बसलेला असे. लग्नाच्या आहेरातही शेला-पागोटे जाऊन टॉवेल-टोपी आली. जी टोपी कोणी घालत नाही आणि जो टॉवेल अंग पुसत नाही, तो आहेर आजही आमच्याकडे या घरातून त्या घरात फिरत असतो.

मग आजचा 'कोल्हापुरी फेटा' कुठला? आठ-नऊ मीटरचे झुळझुळीत कापड, कपाळावर तिरपे फुलीसारखे वेढे, डोक्यावर पंख्यासारखा उभा तुरा आणि पाठीवर कमरेपर्यंत शेमला. लोक याला शिवकालीन म्हणतात. महाराजांची जी त्या काळाजवळची चित्रे परदेशी संग्रहालयांत आहेत, त्यांत दख्खनी वळणाचे शिरोवस्त्र आणि त्यावर तुरा आहे. त्यात हा पंखा नाही आणि ही शेपूटही नाही. माझा तर्क असा की फेट्याचे आजचे रूप तीन ठिकाणी घडले. एक, शाहू महाराजांच्या काळातला कुस्तीचा आखाडा. १९१२ साली त्यांनी खासबागेचे मैदान बांधले, आणि जिंकलेल्या मल्लाला सर्वांसमोर बांधायचा फेटा लांबच्या माणसालाही दिसला पाहिजे, म्हणून तुरा वाढला. दुसरे, सत्यशोधक जलसे आणि तमाशाचे फड, जिथे शाहिराच्या मानेबरोबर शेमलाही नाचायला हवा. आणि तिसरे, कोल्हापूरचे स्टुडिओ. बाबुराव पेंटरांच्या 'सिंहगड'पासून भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक बोलपटांपर्यंत ज्या पिढ्यांनी पडद्यावर मावळे पाहिले, त्यांच्या मनात इतिहास आणि फेटा एकत्र शिवला गेला. यात फेट्याची कमीपणाची गोष्ट काही नाही. रोमचे हातपुसणे मंदिल होऊ शकते, तर कुस्तीचे बक्षीस परंपरा का होऊ नये?

आता बांधणाऱ्यांविषयी. आमच्या कागलात एक फेटेवाला आहे, वय तिशीच्या आत. वडिलांकडून नव्हे, मोबाईलवर पाहून शिकला असे तो मोकळेपणाने सांगतो. मागच्या वैशाखात एका लग्नात त्याने माझ्यासमोर साठ-सत्तर डोकी बांधली. कापडाची उभी चुणी करायची, एक टोक शेमल्यासाठी मागे सोडायचे, पहिला वेढा कानाच्या वरून घट्ट घ्यायचा, कारण तो सैल राहिला तर पुढचे सगळे वाया, मग डावा-उजवा तिरपा, आणि शेवटच्या हातभर कापडाच्या निऱ्या करून तुरा. एका डोक्याला दीड-दोन मिनिटे. पूर्वी माणूस टोक दातांत धरून स्वतःच बांधी. आता सगळी पंगत शाळेतल्या मुलांसारखी रांगेत बसते. त्या रांगेत वरमाई होत्या, करवल्या होत्या, पाच वर्षांची एक चिमुरडीही होती. माझ्या आजीने तो प्रकार पाहिला असता तर काय म्हणाली असती ते मी लिहीत नाही, पण त्या मुली आरशात पाहून ज्या प्रसन्नपणे हसत होत्या, ते मला फार आवडले. डोक्यावर काय असावे हे त्यांना कोणी जातीवरून किंवा घरावरून सांगितले नव्हते.

त्या फेटेवाल्याला मी विचारले, धंदा बरा चालतो का? तो म्हणाला, "चालतोय, पन आता तयार फेटा निघालाय न्हवं. आतनं पुठ्ठा, डिंकानं चिकटवलेला. टोपीगत घालायचा, टोपीगत काढायचा. लोकास्नी बसायला येळ कुठं हाय, दादा?"

पेशवाईतल्या कारकुनांनी पागोट्याची पगडी केली ती नेमकी अशीच. फरक एवढाच की पगडीला साचा लाकडाचा होता. मी त्याला ते सांगितले. त्याने मान डोलावली, तोंडातल्या टाचण्या काढल्या, आणि पुढच्या पाहुण्याला म्हणाला, "मामा, मान सरळ. शेमला लांब ठिऊ का आखूड?"